रातभराच्या नाटकात रॅम पुरवायची कशी

धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, नाटकांचा हंगाम लागतो. रात्री उघडलेला पडदा पहाटेच पडतो. आता काही ठिकाणी रंगवलेल्या पडद्यांच्या जागी एलईडी वॉल, म्हणजे पॅनेल जोडून केलेला मोठा व्हिडिओ पडदा, येते, आणि विंगेत लॅपटॉप घेऊन बसणारा एक माणूस लागतो. तीन हंगाम मी ते काम करतोय. नवीन पोरं विचारतात, सॉफ्टवेअर कोणतं? मी म्हणतो, आधी रॅमचा, म्हणजे लॅपटॉपच्या चालू कामाच्या मेमरीचा, हिशेब शिका.

माझ्या पहिल्याच हंगामात वडशापासून जवळच्या एका गावी शेवटच्या अंकात पुराचा प्रसंग होता. नायिकेनं गाणं उचललं, मी बटण दाबलं आणि मागचं पाणी जागीच गोठलं. सुटलं, पुन्हा अडकलं. पेटीवाल्यानं तीच ओळ दोनदा वाजवून तिला सांभाळलं. प्रयोग संपल्यावर एका आजोबांनी विचारलं, "पानी काहून थांबलं गा?" बाकी कोणी काही बोललं नाही, पण तो प्रश्न मला घरी येऊनही सोडेना. लॅपटॉपला ८ जीबी रॅम होती आणि सगळ्या क्लिप्स मिळून ३ जीबीसुद्धा भरत नव्हत्या.

घोळ असा की डिस्कवरची फाइल आवळलेली असते. पडद्यावर दिसायला ती रॅममध्ये उलगडावी लागते. १९२० बाय १०८० ची एक फ्रेम उलगडली की साधारण ८ एमबी होते. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २०० एमबीच्या वर. प्लेअर सगळी क्लिप उलगडून ठेवत नाही, पण उघड्या असलेल्या प्रत्येक क्लिपच्या काही फ्रेम तयार ठेवतो, आणि मी चाळीसच्या चाळीस क्लिप्स सुरुवातीलाच उघडून ठेवल्या होत्या. त्यात देखाव्यांचे फोटो. कॅमेऱ्यातला ६००० बाय ४००० चा फोटो फाइल म्हणून ५-६ एमबीचा, उलगडला की ९६ एमबीचा! वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ग्राफिक्सही त्याच रॅममधून वाटा घेतं. रॅम संपली की विंडोज माल डिस्कवर हलवतं, आणि जुन्या हार्डडिस्कवरून तो परत येईपर्यंत पाणी थांबतं.

म्हणून आधी वॉल मोजा. ३.९१ पिचच्या (म्हणजे दोन ठिपक्यांत ३.९१ मिमी अंतर असलेल्या) अर्ध्या मीटरच्या चौकोनी पॅनेलमध्ये १२८ बाय १२८ ठिपके असतात. आडवे आठ, उभे पाच पॅनेल लावले तर वॉल झाली १०२४ बाय ६४० ची. तिच्यावर फोर-के (३८४० बाय २१६०) क्लिप चालवून प्रेक्षकाला काहीच जास्त दिसत नाही. फोर-केची उलगडलेली फ्रेम ३३ एमबी, या मापाची २.६. क्लिप असो की फोटो, सगळं वॉलच्या मापाचं करून घ्या.

मग कोडेक, म्हणजे व्हिडिओ आवळायची पद्धत. नेहमीच्या एच.२६४ मध्ये बहुतेक फ्रेम आजूबाजूच्या फ्रेमवर टेकलेल्या असतात, त्यामुळे मधूनच क्लिप सुरू करायची तर मागची पूर्ण फ्रेम गाठून तिथून उलगडत यावं लागतं. 'हॅप' नावाच्या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि ती ग्राफिक्स चिपमध्ये आवळलेलीच जाते. फाइल मोठी होते, म्हणून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, लागतेच. पण वरच्या मापाला साध्या हॅपचा भार सेकंदाला फार तर ८ एमबी.

चालू प्रवेशाच्या आणि पुढच्या प्रवेशाच्या क्लिप्स तेवढ्या तयार ठेवा, झालेल्या सोडून द्या. वीज, आग, धूर अशा छोट्या क्लिप्स मात्र मी रात्रभर उघड्या ठेवतो. आमचे नट रंगात आले की प्रसंग वाढवतात, आणि वीज कधी मागतील ते संहितेत लिहिलेलं नसतं.

तालीम घरी रात्रभर घ्या, तासाभराची पुरत नाही. टास्क मॅनेजर उघडा, दर अर्ध्या तासानं मेमरीचा आकडा वहीत लिहा. तोच प्रवेश पुन्हा लावल्यावर ३.१ जीबीचे ३.४, मग ३.८ झाले, तर जुन्या क्लिप्स सुटत नाहीयेत असं समजा. माझ्या वहीत असंच निघालं. तेव्हापासून मध्यंतरात वॉलला चित्र पुरवणाऱ्या व्हिडिओ प्रोसेसरवरून ती काळी करतो, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडतो आणि तिसरी घंटा होण्याआधी पुराची क्लिप एकदा चालवून बघतो.