कॉलरा विष पेशीवरील साखर कशी पकडते : रचना संगणकावर कशी वाचावी

प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातील ३सीएचबी (3CHB) ही फाइल उतरवून कायमेराएक्स या रेणूंच्या रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी; तीत कॉलरा विषाच्या बी भागाच्या पाच एकसारख्या साखळ्या आणि त्यांना जोडलेल्या, आतड्याच्या पेशींवरील जीएम१ या मेदरेणूच्या टोकाच्या, फांद्या असलेल्या शर्करेच्या पाच प्रती दिसतात. रचनेचे विभेदन, म्हणजे तपशिलाचा बारकावा, १.२५ अँग्स्ट्रॉम (एक अँग्स्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) असल्यामुळे पाण्याचे रेणूही विश्वासार्हपणे दिसतात, म्हणून सवयीने ते लपवू नयेत.

प्रथम साखर जिथे बसते त्या पाचपैकी एकाच खाचेवर लक्ष केंद्रित करून साखरेपासून ४ अँग्स्ट्रॉमच्या आतील अमिनो आम्ले निवडावीत. टोकाच्या गॅलॅक्टोजचा सपाट पृष्ठभाग ट्रिप्टोफॅन ८८ (आकडा म्हणजे अमिनो आम्लाचा साखळीतील क्रमांक) च्या वलयावर टेकलेला दिसेल, तर गॅलॅक्टोजचे हायड्रॉक्सिल (–OH) गट ग्लुटामेट ५१, अ‍ॅस्परजिन ९० आणि लायसिन ९१ यांच्याशी हायड्रोजन बंधांनी बांधलेले आढळतील. शर्करेच्या दुसऱ्या फांदीवरील सायलिक आम्ल टायरोसिन १२ जवळ टेकते. म्हणजे ही पकड तर्जनी आणि अंगठ्याने घेतलेल्या चिमटीसारखी आहे. हे बंध मोजताना ३.५ अँग्स्ट्रॉमपेक्षा लांब अंतरांना, कितीही मोह झाला तरी, हायड्रोजन बंध म्हणू नये.

यानंतर शेजारची साखळी वेगळ्या रंगाने दाखवावी, कारण तिचे ग्लायसिन ३३ याच खाचेच्या काठाशी येते आणि त्याजागी अ‍ॅस्पार्टेट घातल्यास जीएम१ शी होणारे बंधन नाहीसे होते. शेवटी रेणू आडवा फिरवून पाहिल्यास पाचही खाचा एकाच बाजूला, पेशीपटलाकडे, तोंड करून असल्याचे स्पष्ट होते.