नागपुरात दुकान टाकताय? मे महिन्याचं भाडं आधी बाजूला ठेवा

2011 साली मी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीहून नागपूरला आले तेव्हा माझ्याकडे दीड लाख रुपये होते, आणि कडक भाकरी नि शेंगा चटणी आपल्याला चांगली जमते हा भरवसा. मेडिकल चौकाजवळच्या गल्लीत छोटा गाळा घेतला. ऐंशी हजार डिपॉझिट गेलं, चाळीस हजार फर्निचर आणि रंगात. उरलेल्या तीस हजारांत धंदा सुरू केला. म्हणून आज कुणी फोन करून "ताई, नागपुरात दुकान टाकायचंय" म्हणालं, की मी पहिल्यांदा विचारते: एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांचं भाडं बाजूला काढलंय का?

इथला उन्हाळा आमच्या बार्शीसारखा नाही. पारा 45 च्या वर जातो. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर माणूस दिसत नाही, गिऱ्हाईक उतरतं ते सात वाजल्यानंतर. आसपास खोल्या करून राहणारी कॉलेजची पोरं परीक्षा आटोपून गावी जातात, आणि माझं निम्मं गिऱ्हाईक तीच होती. त्यात मालाचं आणखी वेगळंच. दाण्याची चटणी कुटताना तेल सुटतं, तीच तिची चव, पण नागपूरच्या मे महिन्यात त्या तेलाला आठ-दहा दिवसांत खवट वास यायला लागतो. मी गावच्या हिशेबाने वीस किलो कुटून ठेवली होती. निम्मी फेकली. भाकरीची गंमत तर मला कळायलाच दोन आठवडे लागले. दुकानात कूलर लावला, तो पाण्याचा. त्याची ओलसर हवा दिवसभर भाकऱ्यांवर, आणि संध्याकाळपर्यंत त्या सादळून चामड्यासारख्या. आता भाकऱ्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात असतात, कूलरचं तोंड दाराकडे असतं, आणि उन्हाळ्यात चटणी एका वेळी तीन किलोच्या वर कुटत नाही. तुमचा माल वेगळा असेल, पण उन्हात, कूलरच्या हवेत आणि पावसाळ्यात त्याचं काय होतं ते आधी घरी चार दिवस ठेवून बघा.

दुसरी गोष्ट भाडेकराराची. मालक म्हणाले, "कशाला खर्चात पडता, स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊ." मला ते सोयीचं वाटलं. मग बँकेत चालू खातं काढायला गेले तर दुकानाच्या पत्त्याचा पुरावा मागितला. आधार गावचं, लाइट बिल मालकाच्या नावावर, आणि तो कागद बँकेने धरला नाही. आठव्या महिन्यात गाळा खाली करायला सांगितलं, तेव्हा डिपॉझिटमधले वीस हजार 'रंगाचे' म्हणून कापले. त्या कागदापलीकडे माझ्या हातात दाखवायला काही नव्हतं. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 मध्ये ते आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. खर्च निम्मा निम्मा करायची तयारी दाखवा, बहुतेक मालक ऐकतात. नाहीच ऐकलं तर तो गाळा सोडा. बँक, गुमास्ता (दुकानाची नोंदणी), अन्न नोंदणी, सगळीकडे पुढे हाच कागद लागतो.

बाकी कागदपत्रांना घाबरू नका. उद्यम नोंदणी (लहान धंद्याची सरकारी नोंदणी) सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. खाण्याचे पदार्थ विकणार असाल तर अन्न सुरक्षेचा (FSSAI) 14 आकडी नंबर पाकिटावर छापावा लागतो. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर दरवर्षी शिक्का मारून घ्या. पाटी मराठीत हवी, इतर भाषेतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. 2022 पासून हे छोट्या दुकानांनाही लागू आहे.

पाटीवरून सांगते, मराठी तीच असली तरी शब्द तेच नसतात. मी मोठ्या हौसेने 'सोलापुरी शेंगा चटणी' लिहिलं. बाया थांबायच्या, वाचायच्या, विचारायच्या, "कशाच्या शेंगा जी ताई?" इथे शेंगदाण्याला फल्लीदाणे म्हणतात. पाटीवर 'फल्लीदाण्याची चटणी' लिहिलं आणि त्या आठवड्यापासून विचारणं कमी, घेणं जास्त झालं. कोथिंबिरीला इथे सांबार म्हणतात, शेवग्याला मुनगा. हे शब्द लवकर उचला, गिऱ्हाईक त्याने आपलं होतं. मध्य प्रदेश, छत्तीसगडातून आलेली खूप माणसं इथे आहेत, हिंदीही रोज लागते.

किराणा माल मस्कासाथ, इतवारीतून घ्या, मिरची कळमन्याच्या बाजारातून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, जुन्या शहरात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसाचा माल दोन दिवस आधी आणून ठेवा.

आणि उन्हाळ्यात हात आखडला की दारात रोजच्या वसुलीचं कर्ज देणारे येतात. माझ्याकडेही आले होते. हातात नऊ हजार, फेडायचे दहा, रोज शंभर असे शंभर दिवस. ऐकायला हलकं वाटतं, पण हिशेब मांडला तर वर्षाला पाऊणशे टक्क्यांच्या वर व्याज पडतं. मी दोनदा घेतलं, दुसरं फेडायला मंगळसूत्र गहाण ठेवलं. तुम्ही हे करू नका. हातगाडी किंवा फुटपाथवर धंदा असेल तर महापालिकेत पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांच्या सरकारी कर्जाची चौकशी करा; तारण लागत नाही, वेळेवर फेडलं तर 7 टक्के व्याज परत मिळतं. शेजारच्या दुकानदारांची भिशी असते, तिच्यात लगेच घेत नाहीत, पण वर्षभर ओळख झाली की घेतात. माझा दुसरा गाळा भिशीच्या पैशावर उभा राहिला.

सुरुवात कधी करायची विचाराल तर दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, मग दिवाळी, मग डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन, तेव्हा सगळ्या महाराष्ट्रातली माणसं शहरात असतात. माझ्याकडे त्या दिवसांत सांगोल्याचे, पंढरपूरचे लोक भाकरी शोधत येतात. या चार-पाच महिन्यांत जे हातात येईल त्यातून आधी एप्रिल, मे, जूनचं भाडं वेगळ्या खात्यात टाका, आणि मगच दुकानाला नवं कपाट करा.