चूक उघडी पाडणारं उदाहरण: हास्केलच्या कंटेनर्स लायब्ररीचे डॉक्स कसे सुधारायचे

गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी मी हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. सभासद क्रमांक ही किल्ली, आणि त्या सभासदाच्या सकाळ-संध्याकाळच्या दुधाच्या नोंदींची यादी ही व्हॅल्यू. नवी नोंद आली की किल्ली-व्हॅल्यूंच्या जोड्या सांभाळणाऱ्या डेटा.मॅपमधल्या इन्सर्टविथ या फंक्शनने ती जुन्या यादीला जोडायची. एकूण लिटरसुद्धा इन्सर्टविथनेच, अधिक चिन्ह देऊन. दहा दिवसांचं बिल छापलं तेव्हा लिटर बरोबर होते, पण नोंदी उलट्या होत्या. दहाव्या दिवसाची संध्याकाळ सगळ्यात वर, पहिल्या दिवसाची सकाळ तळाला.

कारण साधं होतं. इन्सर्टविथ तुमच्या फंक्शनला आधी नवी व्हॅल्यू देतं, मग जुनी. मी उलट धरून चाललो होतो. दोन्ही व्हॅल्यूंचा टाइप एकच असल्यामुळे कंपायलर इथे काहीच बोलू शकत नाही. अशा जागी वाचकाला आधार फक्त डॉक्युमेंटेशनचा. त्या दिवसापासून मी, डेटा.मॅप ज्या कंटेनर्स लायब्ररीत आहे तिचे डॉक्स, म्हणजे डॉक्युमेंटेशन, वेगळ्या नजरेने वाचायला लागलो. ही लायब्ररी हास्केलच्या जीएचसी कंपायलरसोबतच येते. मॅप, सेट, इंटमॅप, सिक्वेन्स हे सगळं तिच्यातलं. हास्केल शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण तिच्या पानांवर येतो, त्यामुळे तिथली एक ओळ सुधारली तरी ती पुष्कळांच्या कामी येते.

सुरुवात स्वतःच्या अडखळण्यापासून करा. ज्या दिवशी अडलात त्याच दिवशी तीन गोष्टी वहीत लिहा: मला काय वाटलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि कोणती ओळ वाचून माझा तसा समज झाला. पंधरा दिवसांनी ते फंक्शन अंगवळणी पडतं आणि आपण कुठे चुकलो होतो हेच आठवत नाही. नवख्या माणसाचा प्रश्न नवखा असतानाच टिपता येतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, आपल्याला अजून पुरतं येत नाही म्हणून डॉक्सपासून लांब राहू नका. या कामाला तुमचीच गरज आहे.

यानंतरचं पाऊल उदाहरणाचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं. वाचकाचा गैरसमज असेल तर उत्तर वेगळं दिसलं पाहिजे, असं उदाहरण निवडा. इन्सर्टविथला बेरीज देऊन दाखवलं तर दोनात तीन मिळवा नाहीतर तीनात दोन, उत्तर पाचच. माझे लिटर बरोबर आले ते याच कारणाने, आणि याच कारणाने चूकही झाकली गेली. कंटेनर्सच्या डॉक्समध्ये या फंक्शनला दोन अधिक चिन्हांचं, म्हणजे यादी जोडण्याचं उदाहरण आहे: जुनी व्हॅल्यू 'ए', नवी 'एक्सएक्सएक्स', आणि उत्तर 'एक्सएक्सएक्सए'. नवं आधी, जुनं नंतर, हे डोळ्यांना दिसतं. मी ते उदाहरण पाहिलं होतं, पण घाईत वाचलं होतं. म्हणून आता माझा आग्रह असा की उदाहरणाशेजारी एक वाक्यही हवं: 'क्रमाकडे लक्ष द्या, नवी व्हॅल्यू आधी येते.'

हीच कसोटी इतरत्र लावा. दोन मॅप एकत्र करणारं युनियन डावीकडच्या मॅपला झुकतं माप देतं. तेव्हा उदाहरणातल्या दोन्ही मॅपमध्ये एक किल्ली सामायिक हवी आणि तिच्या व्हॅल्यू वेगळ्या हव्यात. किल्ल्या बदलणाऱ्या मॅपकीजमध्ये दोन किल्ल्या एकच झाल्या तर मूळच्या सर्वांत मोठ्या किल्लीची व्हॅल्यू राहते. तेव्हा उदाहरणात किल्ल्या मुद्दाम एकमेकींवर आदळू द्या.

माझी गोष्ट इथे संपत नाही. नोंदी सरळ करायला मी फ्लिप (फंक्शनच्या दोन इनपुटांची अदलाबदल करणारं) लावून जुनी यादी आधी ठेवली. क्रम सुधारला, पण प्रोग्रॅम रेंगाळायला लागला. दोन याद्या जोडताना पहिली यादी शेवटापर्यंत चालावी लागते, आणि जुनी यादी तर प्रत्येक नोंदीला वाढत होती. योग्य उपाय असा की यादी उलटीच साठू द्यावी आणि छापताना एकदाच रिव्हर्स करावी. यादीतून मॅप बनवणाऱ्या फ्रॉमलिस्टविथच्या डॉक्समध्ये आता नेमकं हेच आहे: उत्तर 'सीबीए' असं उलटं येतं याकडे बोट दाखवलं आहे, आणि फ्लिप लावलं तर खर्च, म्हणजे लागणारा वेळ, एन-वर्गावर (नोंदींच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात) जातो हेही लिहिलं आहे. ती टीप मला फार आवडते. उत्तर सांगून ती थांबत नाही, पुढे वाचक कुठे वळेल हे ओळखून तिथेही उभी राहते.

खर्चाबद्दल आणखी एक जागा पाहा. डेटा.मॅपमध्ये साइझ ओ ऑफ वन, म्हणजे मॅप कितीही मोठा असो वेळ तेवढाच, कारण झाडाच्या प्रत्येक गाठीत आकार साठवलेला असतो. पूर्णांक किल्ल्यांच्या इंटमॅपमध्ये तेच साइझ ओ ऑफ एन, म्हणजे नोंदींबरोबर वेळही वाढतो. वेगासाठी मॅप काढून इंटमॅप घालणारा माणूस लूपमध्ये साइझ मोजत असेल तर तो फसतो. आकडा डॉक्समध्ये आहेच. पण जिथे माणूस एकावरून दुसऱ्यावर जातो तिथे एक शब्द सावधगिरीचा हवा, असं मला वाटतं.

वर्णन लिहिताना स्वतःला विचारा: किल्ली नसेल तर काय? किल्लीची व्हॅल्यू बदलणारं ॲडजस्ट गुपचूप मूळ मॅप परत देतं, उद्गारचिन्हाचा ऑपरेटर प्रोग्रॅम पाडतो, उद्गार-प्रश्नचिन्हाचा ऑपरेटर मेबी, म्हणजे 'असेल किंवा नसेल' असं उत्तर, देतो. आणि अट मोडली तर काय? फ्रॉमडिस्टिंक्टॲस्कलिस्टला चढत्या क्रमाची, पुनरावृत्ती नसलेली यादी लागते, पण ती तशी आहे का हे तपासलं जात नाही. 'अट तपासली जात नाही' एवढ्याने नवख्याला धोका कळत नाही. यादी चुकीची दिली तर झाड बिघडतं आणि मॅपमध्ये असलेली किल्लीसुद्धा लुकअपला सापडेनाशी होते, असं लिहा. व्हॅलिड फंक्शनने झाड तपासता येतं, हेही जोडा.

आता प्रत्यक्ष बदल. डॉक्स सोर्स कोडमध्येच असतात. दोन डॅश आणि उभी रेघ यांनी सुरू होणारी, फंक्शनच्या टाइपच्या वरची कॉमेंट हॅडॉक हे टूल उचलतं आणि तिचं पान बनवतं. नुसत्या दोन डॅशची कॉमेंट पानावर येत नाही; ती आतल्या लोकांसाठी. फंक्शनचं नाव एकेरी अवतरणात घातलं की लिंक होते, दोन ॲट चिन्हांमध्ये घातलं की कोडसारखं दिसतं.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. मॅपचा लेझी (व्हॅल्यू गरज पडेल तेव्हा काढणारा) आणि स्ट्रिक्ट (लगेच काढणारा) प्रकार टाइपने एकच असला तरी इन्सर्टविथसारखी फंक्शनं दोन्हीकडे वेगळी लिहिलेली आहेत, आणि इंटमॅपमध्येही तसंच. म्हणजे एक वाक्य सुधारायचं तर चार फाइली उघडायच्या. पुष्कळ लोक स्ट्रिक्टच वापरतात, आणि सुधारणा लेझीतच राहिली तर ती त्यांना दिसत नाही. ग्रेप (फाइलींत मजकूर शोधणारी कमांड) मारून चारही जागा आधी शोधा.

उदाहरण जीएचसीआयमध्ये, म्हणजे हास्केलच्या इंटरॲक्टिव्ह कन्सोलमध्ये, चालवून मगच उत्तर उतरवा. डोक्यात चालवून लिहू नका. जुनी पुष्कळ उदाहरणं एकाच कोन-चिन्हाने सुरू होतात. तो नुसता छापील कोड असतो, डॉक्समधली उदाहरणं चालवून तपासणारं डॉकटेस्ट त्याला हात लावत नाही. तीन कोन-चिन्हांची उदाहरणं डॉकटेस्टला ओळखता येतात. रेपॉझिटरीतल्या मॅपच्या टेस्टमध्ये डॉक्समधली कितीतरी उदाहरणं जशीच्या तशी सापडतील; तुमचंही तिथे घाला. मग कॅबल या बिल्ड टूलने हॅडॉक चालवून पान ब्राउझरमध्ये उघडा आणि प्रत्येक लिंक दाबून पाहा.

पुल रिक्वेस्ट, म्हणजे तुमचा बदल स्वीकारण्याची विनंती, एका मुद्द्याची ठेवा. इन्सर्टविथचा क्रम चार फाइलींत स्पष्ट करणं हा एक मुद्दा. जाता जाता दिसलेली स्पेलिंगची चूक वेगळ्या कमिटमध्ये. वर्णनात वहीतल्या त्या तीन ओळी घाला: काय वाटलं, काय झालं, कशामुळे. तपासणाऱ्याला लायब्ररी इतकी पाठ असते की ती अडचण त्याला सहज दिसत नाही, तुमच्या ओळींनी ती दिसते. तो काही विचारेल, तेव्हा उत्तर पुल रिक्वेस्टच्या चर्चेत देऊन थांबू नका. त्याला पडलेला प्रश्न वाचकालाही पडणार, म्हणून ते उत्तर कॉमेंटमध्येच घाला आणि पुन्हा पुश करा.