खोलीनुसार एलईडी बल्बची निवड
एलईडी बल्ब घेताना वॅटपेक्षा खोक्यावरील ल्युमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा, आकडा पाहावा. जुन्या 60 वॅटच्या बल्बइतका उजेड सुमारे 800 ल्युमेनचा, म्हणजे साधारण 9 वॅटचा बल्ब देतो. निजण्याच्या खोलीत व देवघरात 2700 ते 3000 केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) पिवळसर प्रकाश बरा वाटतो. स्वयंपाकघरात मात्र, बांगडे साफ करताना कल्ल्यांचा लाल रंग नीट ओळखता यावा म्हणून, 4000 केल्विनचा आणि 90 सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा) बल्ब लावावा. पांढराफटक 6500 केल्विन मला तरी घरात खपत नाही. गोव्यातील पावसाचा मारा सोसणाऱ्या बाल्कांवात (घरापुढच्या बसायच्या ओसरीत) व तुळशीवृंदावनापाशी आयपी 65 दर्जाचा, म्हणजे धूळ व पाण्याचा फवारा आत न शिरू देणारा, दिवा हवा. बंद काचेच्या गोलात उष्णता कोंडून बल्बमधील ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारा भाग) लवकर निकामी होतो, तेव्हा तिथे कमी वॅटचाच बल्ब घालावा. होल्डर पिनचा की आट्यांचा, हे दुकानात जाण्यापूर्वीच पाहून ठेवावे.