चोरीचा तौलनिक अभ्यास शिक्षेपासून सुरू करू नका

फिकह, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्र, आणि आधुनिक फौजदारी कायदा शेजारी ठेवून वाचणाऱ्यांना चोरीचा विषय सोपा वाटतो. व्याख्या तुम्हाला पाठ असतील: भारतीय दंड संहितेचं कलम 378, जे आता भारतीय न्याय संहितेत 303 झालं, इंग्लंडचा 1968 चा थेफ्ट अ‍ॅक्ट, कुराणातल्या सूरह अल-माइदाची 38वी आयत. घाबरण्यासारखं इथे काही नाही.

अडचण पुढे आहे. बहुतेक जण कागदावर दोन रकाने पाडतात: एकीकडे हात तोडणं, दुसरीकडे तीन वर्षांपर्यंत कैद. ही जोडीच चुकीची आहे. यातून बाहेर पडायला मला फार झगडावं लागलं, म्हणून जरा विस्तारानं सांगते.

हात तोडणं ही 'हद्द', म्हणजे धर्मग्रंथानं ठरवून दिलेली शिक्षा. ती लागायला फकीहांनी, म्हणजे फिकहच्या जाणकारांनी, अटींवर अटी घातल्या आहेत. माल लपूनछपून नेलेला हवा. तो 'हिर्झ'मध्ये, म्हणजे राखलेल्या जागी असायला हवा. किंमत निसाबाइतकी, म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेइतकी, हवी. हनफी आणि शाफिई ही सुन्नी कायद्याची दोन मतं; हनफींकडे निसाब दहा दिरहम, शाफिईंकडे पाव दिनार. दोन साक्षीदार किंवा कबुली हवी. शुब्हा, म्हणजे शंकेला जागा, निघाली की हद्द टळते. बापानं मुलाचा माल उचलला तर हद्द नाही. खलिफा उमर यांनी दुष्काळाच्या वर्षी ती थांबवली होती.

पण हद्द टळली म्हणजे आरोपी सुटला, असं चुकूनही लिहू नका! निम्मी उत्तरं इथेच कोसळतात. हद्दीखाली 'ताजीर' उभी असते: काझीच्या विवेकावर सोपवलेली शिक्षा, मग ती कैद असो, फटके असोत वा कडक समज. मालकानं उघड्यावर राखणीविना ठेवलेली पेटी कुणी गुपचूप नेली असं धरा. न्याय संहिता विचारते: दुसऱ्याच्या ताब्यातून, संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूनं हलवली का? कुलूप होतं की नव्हतं, याला व्याख्येत जागा नाही. फिकहमध्ये हिर्झ नाही म्हणून हद्द नाही, पण ताजीर आहे. म्हणजे तीन वर्षांच्या कैदेसमोर ठेवायची ती ताजीर.

अमानत म्हणून दिलेला माल गिळंकृत करणाऱ्यालाही हद्द नाही. न्याय संहितासुद्धा विश्वासघात कलम 316 मध्ये वेगळा काढते. हे साम्य तयार नोट्समध्ये क्वचितच सापडतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्या नोट्स पहिल्या महिन्यात उघडूच नयेत. मार्गदर्शक निवडताना पुस्तकांची यादी देणाऱ्यापेक्षा एकच प्रकरण हातात देऊन चारही सुन्नी मतांतून सोडवून घेणारा शोधा. त्रास होईल. तो सगळ्यांनाच होतो, आणि थोड्या दिवसांत हात बसतो.

'सेक्युलर कायदा' हाही एकसंध नाही, हे लक्षात ठेवा. कार्यालयातली फाईल थोड्या वेळासाठी बाहेर नेणं हीसुद्धा चोरीच, असं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं 1962 मध्ये प्यारेलाल भार्गव प्रकरणात ठरवलं; इंग्लंडच्या व्याख्येला मात्र कायमचं वंचित करण्याचा हेतू लागतो. तसंच फिकहमध्ये भरपाईचं. माल शिल्लक असेल तर तो मालकाला परत जातो, यावर वाद नाही. तो नष्ट झाला असेल, तर हात तोडल्यावर भरपाई मागता येत नाही असं हनफी म्हणतात. शाफिई दोन्ही लावतात. माझ्या मते लेखनाचा पहिला विषय म्हणून हाच घ्यावा.