निपुत्रिकाची जमीन लगेच सरकारजमा होत नाही: या चुका टाळा

निफाड, दिंडोरीकडे मूलबाळ नसलेला माणूस वारला की दहाव्यालाच कुजबुज सुरू होते, "आता रान सरकारजमा." घाबरून कुणाच्या सांगण्यावरून कागदावर सह्या करू नका. मूल नाही म्हणजे वारस नाही, असं कायदा म्हणत नाही. हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे मुलांइतकाच पत्नीचा आणि आईचा हक्क. ते नसले तर वडील, मग भाऊ-बहिणी, पुढे पुतणे, भाचे, अगदी लांबचे भाऊबंदसुद्धा. यांतलं कुणीच नाही आणि मृत्युपत्रही नाही, तरच कलम 29 नुसार मालमत्ता शासनाकडे जाते, तीही तिच्यावरच्या देण्यांसकट.

निपुत्रिक विधवेच्या जमिनीत हमखास घोळ होतो. नवऱ्याकडून आलेलं रान नवऱ्याच्या वारसांकडे जातं, आईवडिलांकडून वारशाने आलेलं तिच्या वडिलांच्या वारसांकडे. आमच्या मावशीच्या वेळी सगळे सासरचीच नावं लिहीत होते. जुना फेरफार (जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद) काढला तेव्हा दिसलं, दीड एकर तिला वडिलांकडून वारशाने आलं होतं. म्हणून आधी जुने फेरफार पाहा.

"तीन वर्षांत नोंद केली नाही तर जमीन गेली" हेही अर्धवट ऐकलेलं. वारसाची माहिती तलाठ्याला तीन महिन्यांत द्यायची असते. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. ती तीन वर्षं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 34 मधली. वारस माहीत नसलेली जमीन जिल्हाधिकारी ताब्यात घेतात, वर्षावर्षाच्या भाडेपट्ट्याने देतात, आणि ताबा घेतल्यापासून तीन वर्षांत वारसाने अर्ज करायचा असतो. कुणीच आलं नाही तर लिलाव होऊ शकतो. त्यानंतर खरा वारस आला तरी रान मिळत नाही. पट्ट्याचा आणि विक्रीचा पैसा मिळतो, तोही थकबाकी आणि खर्च वजा जाऊन. मुंबईला नोकरीला गेलेल्या पुतण्यांनी हे नीट वाचावं.

जिल्हाधिकाऱ्यांनी हा अर्ज फेटाळला तर लोक अपिलाच्या मागे वर्ष घालवतात. इथे अपील नाही. आदेश कळल्यापासून एक वर्षात दिवाणी दावा लावावा लागतो.

वारस नोंदीत बहिणींची नावं गाळू नका. आणि अर्ज फेटाळल्याचा आदेश हातात पडला की त्यावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. वर्ष तिथूनच मोजलं जातं.