माहजाँग शिकताना या चुका टाळा: आधी तेरा मोजा

माहजाँग शिकायला बसलेल्या चौघांचा डाव पहिल्या दिवशी बहुतेक एकाच जागी अडतो. कुणीतरी म्हणतं, "अरे, माझ्या हातात बाराच आहेत." मग सगळे आपापल्या सोंगट्या मोजू लागतात, दुसऱ्या कुणाच्या तरी चौदा निघतात आणि नेमकं कुठे चुकलं ते कुणालाच सांगता येत नाही. नवख्यांना वाटतं, हा खेळ फार अवघड आहे. तसं नाही. सुरुवातीच्या चुका जवळजवळ सगळ्या मोजणीच्या आणि पाळीच्या असतात.

एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. फोनवर एकसारख्या दोन-दोन सोंगट्या जुळवून ढीग संपवायचा जो खेळ असतो, तो हा नव्हे. तो कॉम्प्युटरसाठी १९८०च्या दशकात आला, आणि त्याने माहजाँगकडून फक्त सोंगट्या घेतल्या. खरा माहजाँग चौघांचा, उचला आणि टाका असा, रमीच्या जवळचा खेळ आहे.

रमीची सवय इथे नडते

रमी येणाऱ्याला माहजाँग लवकर समजतो, पण त्याच्या चुकाही रमीच्याच असतात. पुऱ्या संचात १४४ सोंगट्या असतात: वर्तुळं, बांबू आणि अक्षरं या तीन रंगांत १ ते ९, प्रत्येकीच्या चार प्रती, म्हणजे १०८. चार दिशांच्या १६, तीन ड्रॅगनच्या १२, आणि ८ फुलं-ऋतू. जिंकायला चार संच आणि एक जोडी लागते. संच म्हणजे एकाच रंगातला तिघांचा क्रम (चाउ), तीन तंतोतंत सारख्या (पंग) किंवा चार सारख्या (काँग).

आता रमीवाल्याचा हात बघा. त्याच्याकडे वर्तुळाची ५, बांबूची ५ आणि अक्षराची ५ आहे. रमीत हा झकास सेट. माहजाँगमध्ये या तिन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही, कारण पंगला रंगही तोच लागतो. तीच गत ४-५-६-७ची. इथे क्रम तिघांचाच, त्यामुळे चौथी सोंगटी मोकळी राहते. ८-९-१ असा वळसा चालत नाही. पूर्व-दक्षिण-पश्चिम हा क्रम होत नाही, तसाच लाल-हिरवा-पांढरा ड्रॅगन हाही नाही. दिशा आणि ड्रॅगन यांचे फक्त पंग, काँग किंवा जोडी होते.

आणखी एक सवय सोडा. हातात आपोआप जुळलेले तीन लगेच मांडू नका. दुसऱ्याने टाकलेली सोंगटी घेऊन केलेला संचच उघडा मांडायचा असतो. आपलं आपण जुळवलेलं झाकलेलंच ठेवा.

घेण्यातले घोळ

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं सावकाश सांगतो. पाळी उजवीकडे जाते, घड्याळाच्या उलट. चाउसाठी सोंगटी फक्त तुमच्या डावीकडच्याने टाकलेली घेता येते, म्हणजे तुमच्या लगेच आधी खेळणाऱ्याची. पंग आणि काँग मात्र कुणाच्याही टाकलेल्या सोंगटीवर. जिंकायला शेवटची एकच हवी असेल, तर तीही कुणाचीही चालते, चाउ पूर्ण करणारी असली तरी. एका सोंगटीवर दोघांनी हक्क सांगितला, तर जिंकणारा पहिला, मग पंग किंवा काँग, सगळ्यात शेवटी चाउ. त्यामुळे तुमच्या आधीच्याने सोंगटी टाकताच भिंतीकडे, म्हणजे उचलायच्या सोंगट्या जिथे उपड्या रचलेल्या असतात तिकडे, हात नेऊ नका. क्षणभर थांबा. आणि हक्क फक्त ताज्या सोंगटीवर असतो, आधी पडलेल्या मेल्या.

खेळणाऱ्या चौघांना पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर म्हणतात, आणि पाळी याच क्रमाने जाते. समजा, पूर्वेने बांबूची ३ टाकली आणि उत्तरेने पंग म्हटलं. उत्तर आपल्या दोन ३ त्या तिसरीसोबत उघड्या मांडते, हातातली एक टाकते आणि पाळी परत पूर्वेकडे जाते. दक्षिण आणि पश्चिम यांची पाळी हुकली. नवख्या टेबलावर इथे दक्षिण हमखास "आता मी होते" म्हणून भिंतीतली उचलते, आणि तिथून मोजणी बिघडत जाते. उत्तरेनेही पंगनंतर भिंतीतून उचलायचं नाही, कारण टाकलेली सोंगटी हीच तिची उचल. सवयीने उचलली की हात एकाने जास्त.

काँगचं उलटं. चार सोंगट्या असल्या तरी तो एकच संच धरतात, म्हणून काँग केल्यावर भिंतीच्या मागच्या टोकाकडून एक बदली घ्यावीच लागते. ती विसरलात तर हात एकाने कमी, आणि तो पुरा व्हायचाच नाही. फुलं खेळात असतील तर तीही बाजूला ठेवून बदली घ्या.

म्हणून पाळी संपली की मोजा: हातातल्या आणि मांडलेल्या मिळून १३, दर काँगमागे एक जास्त, फुलं धरायची नाहीत. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

वाटताना

भिंतीच्या प्रत्येक बाजूला दोन-दोनच्या १८ थप्प्या, फुलं नसतील तर १७. कमी भरले तर आधी टेबलाखाली बघा, जास्त भरले तर संचातल्या सुट्या कोऱ्या सोंगट्या मिसळल्या आहेत का ते बघा. पांढरा ड्रॅगन कधी नुसती चौकट तर कधी अगदी कोरा असतो, त्यामुळे ही गफलत सहज होते. तशीच बांबूची १: तिच्यावर बांबू नसतो, पक्षी असतो.

पूर्व म्हणजे वाटणारा. त्याला १४, बाकीच्यांना १३. पूर्वेने पहिल्या पाळीला उचलायचं नाही, थेट टाकायचं. बसताना नकाशा विसरा: पूर्वेच्या उजवीकडे दक्षिण, समोर पश्चिम, डावीकडे उत्तर.

"झालं!" म्हणण्याआधी

चार संच, एक जोडी जमली आणि तरी विजय मान्य झाला नाही, असं झालं तर कारण बहुतेक किमान गुणांचं असतं. हाँगकाँग पद्धतीत अनेक टेबलांवर किमान ३ फान (तिथले गुण) लागतात, १९९८च्या चिनी स्पर्धा नियमांत ८ गुण, रीची या जपानी पद्धतीत निदान एक याकू, म्हणजे गुण देणारी ठरलेली रचना किंवा अट. मिळेल ते चाउ घेत सुटलात तर हात भरतो, पण गुण मिळत नाहीत. जपानी पद्धतीत आणखी एक अडसर आहे. ज्या सोंगटीवर तुम्ही जिंकू शकता, ती तुम्ही स्वतः आधी टाकलेली असेल, तर दुसऱ्याच्या सोंगटीवर जिंकता येत नाही. तिथे टाकलेल्या सोंगट्या आपापल्यासमोर ओळीने लावतात, त्या याचसाठी. अमेरिकन पद्धत तर वेगळीच: तिथे जोकर असतात आणि चाउ नाही. एक पद्धत पक्की करून, किमान गुण ठरवूनच बसा. दोन पद्धतींची सरमिसळ शिकणाऱ्याला फार छळते.

दुसरी चूक जोड्यांना कवटाळण्याची. जोडीचा पंग करायला उरलेल्या दोनच सोंगट्या उपयोगी. हातात ४-६ असेल तर ५च्या चार. पण ४-५ असेल तर ३ आणि ६ मिळून आठ. तीन-चार जोड्या सांभाळायला ४-५ मोडणारे बरेच दिसतात, आणि मग भिंत संपेपर्यंत त्यांचा हात हलत नाही.

मोजणी चुकलेली सापडलीच तर

पहिली सोंगटी पडण्याआधी लक्षात आलं, तर एक घ्या किंवा परत ठेवा आणि पुढे चला. डाव रंगात असताना कळलं, तर बहुतेक नियमांत त्या डावात तुम्हाला जिंकता येत नाही. पाळी आली की उचला, टाका, डाव संपेपर्यंत खेळत राहा. गुपचूप एक जास्त उचलून भरपाई करू नका, त्याने इतरांचा डावही नासतो. शिकताना पहिले दोन-तीन डाव सोंगट्या उघड्या ठेवून खेळलात तर अशी चूक कुणाच्या तरी नजरेस लगेच पडते, आणि पंगनंतर कुणाची पाळी, हेही सगळ्यांना दिसतं.